डायरेक्ट केलेली गाडी

मी लिहावं असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि घरच्यांच्या मते त्यामुळेच जरा बिघडलेला. वर्गात हात वर करायचीही मला अजून भीती वाटते. असल्या माणसाने लेख लिहिणं आगाऊपणाचंच आहे. पण एका डबीची सगळ्यांनी मिळून इतकी टिंगल केली की कोणीतरी तिची बाजू घ्यायला हवी. दुसरं कोणी घेत नाही, म्हणून मी घेतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

ही डबी म्हणजे बीएमएस. विजेच्या गाडीतल्या बॅटरीवर नजर ठेवणारं यंत्र. बॅटरी फार तापली, फार भरली किंवा फार उतरली की ते गाडी बंद करतं. कडावहून कर्जतला दूध पोचवायला वडिलांनी विजेवरची तीनचाकी घेतली होती. भर पावसाळ्यात ती भिसेगावात शिरताना चढावर बंद पडायला लागली. मागे भरलेले कॅन, आजूबाजूला हॉर्न, आणि वडील छत्री धरून गाडीला शिव्या घालतायत, हे रोजचं झालं.

वडिलांनी गाडी खालापूरकडच्या शोरूममध्ये नेली. मीही सोबत होतो. तिथल्या मेकॅनिकच्या शर्टावर 'बॅटरी एक्स्पर्ट' असं शिवलेलं होतं. शर्टावर शिवलेलं असलं की आपल्याकडे माणूस तपासत नाहीत.

"काका, बॅटरी झकास हाय," तो म्हणाला. "ही डबीच भित्री हाय. करू का डायरेक्ट?"

"कर ना रं! इचारतोस काय?"

आमच्याकडे 'डायरेक्ट' ही दुरुस्ती नाही, संस्कार आहे. फ्यूज उडतो? जाड तार घाला. पाण्याच्या मोटरचा स्टार्टर सारखा पडतो? काढून टाका, मोटर डायरेक्ट जोडा. जे थांबवतं ते उपटायचं. ते का थांबवत होतं असं विचारणारा रिकामटेकडा. ज्याला तारा जोडता येतात तो वायरमन, आणि ज्याला तोडता येतात तो एक्स्पर्ट.

"पण ती बंद का करते, ते बघायला नको का?" मी घाबरत विचारलं.

"पोरगा काय शिकतो, काका?"

"विंजनेरी."

"मग बरोबर हाय," एक्स्पर्ट म्हणाला आणि दोघं पोटभर हसले.

परतताना गाडी चढावर वाऱ्यासारखी गेली. वडिलांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू माझी सगळी फी वाया गेली होती.

मी कॉलेजात विचारायचं ठरवलं. आमच्या कॉलेजात विजेच्या गाड्यांची प्रयोगशाळा आहे. तिचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ फुटला, फीत कापली गेली, बॅटरीला हळदकुंकू वाहून ती काचेच्या कपाटात ठेवली गेली. कपाटाला कुलूप. किल्ली विभागप्रमुखांकडे, आणि विभागप्रमुख मीटिंगमध्ये. बीएमएसवर सरांनी अख्खा तास घेतला होता, म्हणजे पडद्यावरची वाक्यं आम्हाला वाचून दाखवली होती. ती आम्हालाही वाचता येत होती.

"सर, बीएमएस काढून गाडी चालवली तर?"

"असा प्रश्न पेपरात येत नाही. बीएमएसचे फायदे लिही, मुद्देसूद."

"सर, घरची गाडी आहे."

"मग कंपनीला विचार ना बाळा," सर म्हणाले. मागच्या बाकावरून कोणीतरी पीं-पीं केलं. त्या दिवसापासून मी वर्गाचा टेंपोवाला.

मग जे काही समजलं ते लायब्ररीत बसून, अडखळत. सुट्टीला घरी गेलो तर गाडी गोठ्यात चार्जिंगला लावलेली. शेजारी म्हैस, वर माळ्यावर पेंढा. बॅटरीच्या पेटीला हात लावला. तापलेली होती, आणि गाडी तर कधीची उभी होती.

मी वडिलांना पंगतीचा दाखला दिला. बॅटरीत सेलची रांग बसलेली असते. त्यात एक अशक्त. त्याचं पोट आधी भरतं, पण वाढपी रांगेला वाढतच राहतो. ओझं ओढतानाही तोच आधी दमतो. डबी काय करायची, तर त्याच्या पानावर आडवा हात धरून 'पुरे' म्हणायची. आता तो हात नाही. पंगतीत फार तर वरण सांडेल. इथे आग लागेल.

"लागली का?" वडिलांनी विचारलं.

"नाही, पण..."

"लागली की सांग. गाडी पळतेय तर तुझ्या पोटात दुखतं."

आई दूध काढता काढता ऐकत होती. तिने कासंडी खाली ठेवली.

"म्हैस भाईर काढायची का गाडी, ते बोला."

"भाईर पाऊस हाय. चार्जिंग कुठं करू? येडी झालीस का गं?"

"गाडी गेली तर दुसरी येईल. म्हशीला डायरेक्ट करता येत नाय."

वडिलांनी गाडी होती तिथेच ठेवली. मी परीक्षेसाठी परत आलो. पेपरात बीएमएसचे फायदे आले. ते मी मुद्देसूद लिहिले आणि लिहिताना मला स्वतःची शिसारी आली. घरून फोन नव्हता. कोणाचाही मोबाइल वाजला की मला पेंढाच दिसायचा.

शेवटी एका दुपारी वडिलांचा फोन आला. आवाज चिडलेला.

"गाडी थांबली रं आज. भिसेगावच्या चढावर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, गाडीला थांबवणारं कोणीतरी परत आलं होतं.

"डबी जोडली?"

"तुझी आई खाट टाकून गोठ्यात म्हशीपाशी झोपाया लागली. काय करतो? कॅन उतरवून गाडी ढकलली. ढकलणाऱ्यांनी तुझ्या शिक्षणाचा पार उद्धार केला."

"आणि एक्स्पर्ट?"

"तो म्हनला, काका, तुमी पोराच्या नादी लागलात. आता बॅटरी कंपनीत धाडायची हाय, खोलून बघायला."

"पेटीला हात लावून बघा ना, बाबा."

तिकडून पावसाचा आवाज आला, मग दार उघडल्याचा.

"लावला," ते म्हणाले. "गार हाय."