तांबट गल्लीतला पुतण्या

तांबट गल्लीतली ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी राग कमी करायला सांगितलंय. बाकी सगळ्यांवरचा केलाय, या प्रकरणावरचा होत नाही.

धुळ्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला तांबट गल्ली सांगावी लागत नाही. साक्री-शिरपूरपासून लोक लग्नाची भांडी घ्यायला तिथे येत. सकाळपासून हातोड्यांची अशी ठकठक, की दोन माणसांना बोलायचं तर गल्लीबाहेर जावं लागे. मग स्टील आलं, प्लास्टिक आलं आणि गल्ली बसली. तरुण सुरतेला, नाशिकला गेले. घरांना कुलपं लागली, मागच्या खोल्यांत जुगार सुरू झाला आणि आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत ती गल्ली 'तसली' ठरली. तेव्हा एकाही बड्या माणसाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पुढे लोकांना तांब्याच्या भांड्यातलं पाणी आठवलं. मोबाइलवर व्हिडिओ फिरले, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक येऊ लागलं. नवी फरशी झाली, दिव्यांचे खांब लागले, भरीत-भाकरीची हॉटेलं निघाली. जागांचे भाव चढले. आणि भाव चढले की वारसदार उगवतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

मी तेव्हा त्या पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. गल्लीच्या मध्यावर एक वयस्कर अक्का एकट्याच राहत. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. धाकटा दीर तरुणपणीच सुरतेला गेला तो परतलाच नव्हता. घरात त्याचा अर्धा हिस्सा तसाच राहिला होता. एके दिवशी चाळिशीचा एक माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी तुमच्या दिराचा मुलगा. त्याच्याकडे कागद होते. अक्कांनी कागद पाहिलेच नाहीत. पाट मांडला, वाढलं, आणि घरात माणूस आलं म्हणून गल्लीभर सांगत फिरल्या.

महिनाभरात या पुतण्याने आपला हिस्सा एका बिल्डरला विकला. बिल्डरची माणसं आली आणि घराची बाजूची भिंत पाडून गेली. आता उरलेला भागही तुम्ही विकून टाका, असं अक्कांना सांगून गेली. अक्का ठाण्यात आल्या, तर ठाणे अंमलदाराने "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" म्हणून त्यांना परत पाठवलं. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या अंमलदाराला मी काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. भर पावसाळ्यात बाईच्या घराला भिंतीच्या जागी ताडपत्री, आणि आम्ही तिला कायद्याची कलमं शिकवणार. मी अर्ज दाखल करून घेतला, चौकशी लावली. पण पुतण्याविरुद्ध अक्का एक शब्द सांगेनात. पोरगं भोळं आहे, बिल्डरने त्याला नादाला लावलं, एवढंच म्हणत.

मग श्रावणात कानबाई आली. हा खानदेशातला घरोघरचा सण. भाऊबंद कुठेही असोत, त्या रविवारी मूळ घरी जमतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट होतात, आणि ते रोट त्याच कुळातल्यांनी खायचे असतात. परक्याला कोणी देत नाही आणि परका मागतही नाही; दुसऱ्या कुळाचा रोट खाल्ला तर देवी कोपते, असं मानतात. अक्कांनी त्या वर्षी पुतण्याच्या नावाने गहू घेतले. नवरा गेल्यापासून त्यांच्या उंबऱ्याआतल्या पुरुषासाठी गहू निघाले नव्हते.

सोमवारी सकाळी पांझरा नदीवर कानबाईच्या विसर्जनाचा बंदोबस्त लावून मी ठाण्यात आलो, तर अक्का बाकावर बसलेल्या. चहा नको म्हणाल्या.

"साहेब, तो मना पुतण्या नही शे," त्या म्हणाल्या. "त्यानी रोट खादा नही. रुमालमा बांधी लिधा आनि पिंपयखाले ठी ग्या. शेजारीननी देखा."

पोट बिघडलं असेल, असं मी मुद्दाम म्हणून पाहिलं. अक्कांनी मान हलवली. पोट बिघडलं तरी माणूस घासभर खातो, आपल्या कुळाचा रोट पिंपळाखाली सोडून जात नाही. त्या रडत नव्हत्या. दोन महिने ज्याला हाताने वाढलं त्याच्याबद्दल हे सांगताना त्यांचा आवाज एवढा कोरडा होता की मलाच बसवेना.

माझं गाव अमळनेरकडचं. माझ्या घरीही कानबाई बसते, त्यामुळे मला पुढचं कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. कानबाई न मानणारा भामटा असता तर त्याने रोट खुशाल खाल्ला असता. हा परका होता, पण खानदेशचाच होता, आणि त्याच्याही घरी कानबाई बसत होती.

त्याला चौकशीला बोलावलं. तो एका दलालाला सोबत घेऊन आला. दलालाला बाहेर बसवलं. तासभर हा गृहस्थ सुरतेची चाळ, बापाचं नाव, शाळा घडाघडा सांगत राहिला. खरी आठवण सांगताना माणूस अडखळतो, मागे जातो, चूक दुरुस्त करतो. हा कुठेच अडखळत नव्हता. मी आवाज चढवला नाही, हात तर उचललाच नाही.

"चल, अक्कांच्या घरी जाऊ," मी म्हटलं. "रोट अजून शिल्लक आहेत. गल्लीसमोर एक घास खा. मी अर्ज निकाली काढतो आणि तुझी माफी मागतो."

तो उठला, चपला घातल्या, दारापर्यंत आला आणि तिथेच चौकट धरून उभा राहिला.

"साहेब, मना घर बी कानबाई शे," तो म्हणाला. "मना पोरे शेतस. दुसरासना रोट मी कसा खाऊ?"

माझं रक्त उसळलं. याच माणसाने निबंधकासमोर खोटी सही ठोकताना पापणीही लववली नव्हती. एका एकट्या बाईला काकू म्हणत तिच्या घरी जेवला होता आणि तिची भिंत पडताना बाजूला उभा राहिला होता. त्याला देवीची भीती होती, माणसाची लाज नव्हती. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, आणि तेव्हा मात्र माझा आवाज बाहेरच्या अंगणापर्यंत गेला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून पुराव्याला लागलो. हा जळगावला मेहरूण भागात रिक्षा चालवायचा. वय जुळतं म्हणून दलालाने त्याला गाठलं होतं, सगळे कागद दलालानेच बनवले होते. पथक जाऊन त्याच्या शेजाऱ्यांचे जबाब आणि शाळेचा खरा दाखला घेऊन आलं. अक्कांचा दीर सुरतेत लग्न न करताच वारल्याचंही निष्पन्न झालं. फसवणूक, तोतयेगिरी आणि बनावट दस्ताचा गुन्हा दाखल केला, दोघांना अटक केली. कोर्टाने विक्रीला स्थगिती दिली. अक्कांचं घर वाचलं, पाडलेली भिंत मात्र कोणी बांधून दिली नाही.

आणि बिल्डर? त्याने वकिलामार्फत कळवलं की माझीच फसवणूक झाली. भिंत म्हणे मजुरांनी चुकून पाडली. त्याला आरोपी करण्याचा प्रस्ताव मी वर पाठवला आणि थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. दोषारोपपत्र कोर्टात गेलं तेव्हा त्यात तो साक्षीदार होता.

निवृत्तीनंतर गल्लीच्या नव्या कमानीच्या उद्घाटनाला मी गेलो होतो. स्टेजवर तोच बिल्डर, गल्लीला नवं जीवन देणारे म्हणून त्याचा सत्कार चाललेला. गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या रहिवासी म्हणून अक्कांना वर बोलावलं. त्याने शाल उलगडली. अक्कांनी ती हातानेच थांबवली. माइक समोर होता, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं.

"शाल ऱ्हाऊ दे, भाऊ. पहिले मनी भिंत बांधी दे."

त्या खाली उतरल्या आणि सरळ घरी गेल्या. निवेदकाने घाईघाईने पुढचं नाव पुकारलं.

या प्रकरणाने मला जे शिकवलं ते कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. गल्ली बुडाली होती तेव्हा आम्ही तिथे रोज गस्त घालायचो, कारण गुन्हेगार तिथे आहेत असं आम्हाला सांगितलेलं होतं. गल्ली सजली की आम्हाला कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला उभं करतात, तोंड गर्दीकडे आणि पाठ स्टेजकडे. नोकरीत असलेल्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे, की अधूनमधून मागे वळून स्टेजकडेही बघत जा.