बाबांनी धरलेला श्वास

श्वास रोखून धरण्यात माझ्या बाबांचा हात कोणी धरू शकत नाही, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. चौलात आमच्या सुपारीच्या वाडीमागे पोखरण आहे, म्हणजे दगडी पायऱ्यांचं जुनं तळं. शाळकरी वयात बाबा त्यात बुडी मारून बसत, आणि बरोबरची पोरं हरून, कंटाळून काठावर कपडे वाळवायला लागली तरी हे आपले खालीच. पाहुणे आले की चहाबरोबर हा विक्रमही बाहेर यायचा, आणि दर चहाला बाबा आणखी थोडे खोल जायचे.

या विक्रमाचे साक्षीदार म्हणजे आमचे काका. ते बाबांचे बालमित्र, पलीकडच्या गावात भातशेती करणारे. रोज सकाळी स्कूटरवरून येऊन आमच्या पडवीत बाबांशी वाद घालायचा हा त्यांचा नेम. बुडीच्या शर्यतीत ते दर वेळी हरले, आणि बाबा त्यांना ते विसरू देत नाहीत.

गेल्या वर्षी एका दुपारी जेवताना बाबांच्या हातातून आमटीची वाटी निसटली. काहीतरी बोलले, पण जीभ जड झाली होती आणि आईला एक अक्षर कळलं नाही. ताक येईपर्यंत सगळं पूर्ववत झालं, आणि वाटीच गुळगुळीत होती असा बाबांनी निकाल देऊन टाकला. अलिबागच्या डॉक्टरांना तो पटला नाही. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या लिहून दिल्या, पुन्हा असं झालं तर एक क्षण घालवू नका म्हणून बजावलं. ठाण्याच्या माझ्या भावाने तर फर्मानच काढलं, की पुन्हा जरा काही खुट्ट झालं तर वाडी कोणाला तरी सांभाळायला द्यायची आणि दोघांनी त्याच्याकडे राहायला यायचं.

"ठाण्याला? जिथे झाडं कुंडीत वाढवतात तिथे?" बाबा म्हणाले. "माझा पाय इथून हलायचा नाही."

आणि नेमकी याच सुमारास मी यंत्र घेऊन घरी गेले.

मी मुंबईला एका प्रयोगशाळेत काम करते. मेंदूतलं रक्त कसं वाहतंय हे बाहेरून सांगणारं यंत्र आम्ही बनवतोय. कपाळाला पट्टा बांधायचा. त्यातला इवलासा लेसर हाडातून आत उजेड सोडतो, आणि परत आलेल्या उजेडाचे कॅमेऱ्याला ठिपके दिसतात. आत रक्त वाहतं म्हणून ते ठिपके चुळबुळत राहतात. जितका जोराचा प्रवाह तितकी चुळबूळ जास्त. त्याची रेघ पडद्यावर उमटते. मोठ्या इस्पितळातल्या यंत्राला एक खोली लागते, आमचं एका पेटीत मावतं. गावात ते कसं चालतं हे बघण्यासाठी घरी नेऊ का, असं मी विचारलं आणि साहेब हो म्हणाले. मांडव्याच्या बोटीत मी पेटी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी "केक वाटतं?" म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर मांडवा येईपर्यंत त्यांच्या गुडघ्यांवर लेसर मारून द्यावा लागला असता.

घरी मी सगळ्यांना नीट समजावलं. आधी शांत बसायचं, मग सांगितलं की श्वास रोखायचा. श्वास रोखला की मेंदूतल्या धडधाकट रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं आणि रेघ चढते. वाहिन्या ताठर असतील तर ती धड चढत नाही. यंत्र अजून कच्चं आहे, त्यावरून निदान करायचं नसतं, हेही सांगितलं. बाबांच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला होता: श्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला अष्टगंध लावून पडवीत हजर. मी आधी अष्टगंध पुसलं, मग त्याखालचं खोबरेल तेल पुसलं. "आता आणखी काय काय उतरवणार आहेस?" म्हणाले.

पण पहिला नंबर काकांनी लावला. त्यांनी श्वास रोखला, डोळे बटाट्याएवढे झाले आणि थोड्याच वेळात "गेलो, गेलो!" करत त्यांनी तो सोडून दिला. रेघ मात्र सुरेख चढली होती. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "पोखरणीत हरलास, कोरड्यावरही हरलास!"

मग बाबा बसले. मी 'पुरे' म्हणेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला. चेहरा शांत, पापणी हलत नव्हती. रेघही हलत नव्हती.

मी पट्टा सैल करून पुन्हा आवळला, पुन्हा करायला लावलं. बाबांना वाटलं, मी थक्क होऊन पुन्हा बघायला मागतेय. त्यांनी आणखी जास्त वेळ श्वास धरला. रेघ आडवीच. पट्टा माझ्या स्वतःच्या कपाळाला बांधून पाहिला, माझी रेघ चढली. म्हणजे यंत्र ठीक होतं.

"काय, पहिला नंबर ना?" बाबा विचारत होते.

निदान करायचं नसतं वगैरे सगळं मी इतरांना सांगायला शिकले होते, स्वतःला नाही. वाडीत जाऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टरांना कळव, आणि मी आजच गाडी घेऊन निघतो. त्यांना घेऊनच येतो." मी नाही म्हटलं नाही. पुढच्या वेळेला इथे सुपारी वाळत घातलेली असेल आणि ती दुसऱ्याच कोणाची असेल, एवढं डोक्यात आलं आणि मला रडू फुटलं.

मागून काका आले. "बाय, तोंड का उतरलं तुजं?"

मी सांगून टाकलं, की श्वास रोखला की रेघ चढायला हवी आणि बाबांची चढत नाही. काकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांच्या मिश्या थरथरायला लागल्या, आणि मग ते एका पोफळीला धरून हसत सुटले. मला इतका राग आला की काय सांगू.

"रेघंचा काय दोष हाय त्यात?" ते कसेबसे म्हणाले. "त्यानं श्वास धरलेलाच न्हाय. चल, त्याचं नाक धर."

मी पट्टा पुन्हा बाबांना बांधला, पण नाक धरायचं काम आईने मागून घेतलं. तिने पदर खोचला आणि लग्नापासूनची हौस फेडावी तसं बाबांचं नाक चिमटीत पकडलं. "तोंड मिटा," म्हणाली. बाबांनी डोळे वटारले, हात हलवले, कान लाल झाले. आणि पडद्यावरची रेघ उठली. आधी बिचकत, मग चांगली ठसठशीत वर. इतकी सुंदर गोष्ट मी त्या प्रयोगशाळेत कधी पाहिली नव्हती.

"मारशील!" बाबा नाक सोडवून घेत ओरडले.

"मिशीआडून श्वास घेत होतात?" मी विचारलं. आता राग बाबांवर निघत होता. "वाडीत जाऊन रडले मी! का पण?"

बाबा उगाच शर्टाची बटणं चाचपू लागले. "श्वास सुटला असता तर तुझा भाऊ म्हणाला असता, झाला म्हातारा, न्या ठाण्याला."

मी भावाला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. डॉक्टरांकडे मात्र बाबांना मी स्वतःच नेणार होते, अष्टगंधासकट.

आई अजून कमरेवर हात ठेवून उभी होती. "थांबा. म्हणजे पोखरणीतसुद्धा?"

बाबांनी वरचं बटण काढून पुन्हा लावलं.

"पपईच्या पानाचा देठ," काका म्हणाले. "आतून पोकळ असतोय. तो तोंडात धरून हा पायरीला बसायचा आणि टोक वर शेवाळात."

बाबांनी चमकून वर पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"पयल्या दिवसापासनं."

"मग बोलला का नाहीस कधी? आयुष्यभर हरलास की रे!"

काका पडद्यावरच्या रेघेकडेच बघत होते. "पाणी काळं होतं," म्हणाले. "तू खाली दिसायचा न्हाईस. देठ हलला का कळायचं, हाय अजून. बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी तू देठ न्हेला नसतास आणि बुडी मारल्याबिगर ऱ्हायला नसतास."

मी त्यांच्या कपाळावरचा पट्टा सोडायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे जरा, बाय," काका म्हणाले. "बघू दे."