घसरगुंडीबाईंचं वळण

महामार्गाच्या कचेरीत त्यांना सगळे घसरगुंडीबाई म्हणत. ओल्या रस्त्यावर टायर कितपत धरतात, हे मोजायचं त्यांचं काम. बारा वर्षं त्या मुसळधार पावसातच रस्त्यावर उतरायच्या, कारण कोरड्या रस्त्याला काय धाड भरलीये?

टोलनाक्यापुढच्या वळणावर पाणी साचतं आणि वेगातल्या गाडीची चाकं रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात, असं त्यांनी सात वेळा लेखी कळवलं. मोठे साहेब दर वेळी म्हणायचे, "अहो बाई, पाऊस म्हटल्यावर पाणी असणारच. लोकांनी हळू चालवावं." तरी खात्यानं कर्तव्यदक्षपणे 'सावकाश जा' अशी पाटी लावली. फक्त ती वळण संपल्यावर लावली.

एका दुपारी बाई कडेला उभ्या राहून पाण्याची खोली मोजत होत्या. तेवढ्यात एक पांढरी गाडी सुसाट आली, भोवऱ्यासारखी दोनदा फिरली आणि कठड्याला टेकली. आतून साहेब उतरले. कुठं खरचटलं नव्हतं. बाईंनी त्यांना हाताला धरून कठड्यापलीकडे नेलं.

"इथं पाणी साचतं हे मला कुणी सांगितलं का नाही?" साहेब ओरडले.

"सात वेळा सांगितलं, साहेब. सातही कागदांवर तुमचीच सही आहे."

आठवड्याभरात वळणावर खडबडीत थर आला, पाण्याला वाट मिळाली आणि दूरदृष्टीबद्दल साहेबांचा सत्कार झाला. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. मग साहेब सुट्टीत कुठल्या रस्त्यानं गावी जातात, याची त्यांनी शिपायाकडे बारकाईनं चौकशी केली.