चोळलेलं कोपर

वेल्ह्याच्या जत्रेत माझं उजवं कोपर निखळलं ते माझ्याच मस्तीनं. समोरचा गडी अंगानं कमी होता. पाडायचाच आहे तर जरा दिमाखात पाडू, म्हणून मी त्याला उचलला, तोल गेला आणि पडताना हात टेकवला. हात टेकू नये हे तालमीतलं शेंबडं पोरही सांगतं.

पासलीच्या वर धनगरवाड्यात एक म्हातारा हाडं बसवायचा. त्यानं एका हिसक्यात सांधा जागेवर आणला, फडक्यानं हात गळ्यात बांधला आणि बजावलं, "पंधरा दिस असाच ऱ्हाऊ दे. मंग आपल्या आपण हलव. पर कुणाला चोळू देऊ नको."

आमच्या तालमीत सर्दी झाली तरी मालीश व्हायची. वस्ताद हसले. म्हणाले, "धनगराला शेरडाचं कळतंय. पैलवानाचं त्याला काय कळणार?" मलाही ते पटलं. मग रोज सकाळी दोघं जण उग्र वासाचं करंजाचं तेल लावून माझं कोपर रगडायचे आणि वस्ताद समोर उभे राहून "आजून" म्हणायचे. मी दात आवळून सोसायचो. दुखतंय म्हणजे गुण येतोय, अशी आमची समजूत.

महिन्याभरात कोपर गरम आणि टणक झालं. हात अर्धा वाकलेला अडकला. ना सरळ होई, ना पुढं वाके. घास तोंडापासून वीतभर लांब राहायचा. बावीस वर्षांचा बाप्या मी, आईच्या हातून भाकरी खायचो. डाव्या हातानं जेवायची लाज वाटायची. पंगतीत तसं कुणी जेवलं तर शेजारचा सरकून बसतो. हात असाच राहिला तर? आईच्या माघारी कोण भरवणार? औत हाकतानाही डोक्यात हेच. मला भीती वाटत होती आणि ती सांगता येत नव्हती, म्हणून मी घरादारावर खेकसत होतो.

शेवटी निमूट म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं कोपर चाचपलं.

"कुणी चोळलं?"

"कुणी न्हाई."

त्यानं कोपराला नाक लावून वास घेतला. मी खाली बघितलं.

"घरी ताक कोण करतं?"

"आई."

"उद्यापासनं तू कर. डाव्या हातानं दोरी वढलीस की उजवा लांब हुईल, उजव्यानं वढलीस की वाकंल. दुखाय लागलं की थांब. आन् दुसऱ्याचा हात लागता कामा न्हाई."

म्हणून मी रवीपुढं बसलो. हे बायकांचं काम. शेजारणी मुद्दाम विस्तव मागायला यायच्या. महिना झाला तरी घास हनुवटीपुढं जाईना. एकदा मी मान वाकवून घास घेतला, तर आई म्हणाली, "हात न्हाई आला, तोंड गेलं." मी ताटावरून उठलो.

तालमीत ही बातमी गेलीच. एका सकाळी वस्ताद घरी आले. आता शिव्या बसणार, म्हणून मी मान वर न करता घुसळत राहिलो. ते ओट्यावर टेकले.

"कुठवर येतोय?"

मी दाखवलं. बोटं ओठाला जेमतेम टेकली.

वस्तादांचा उजवा हात कायम कमरेवर असायचा. तो त्यांचा रुबाब, असं आम्ही समजत होतो. ते कधी पंगतीला बसत नसत, तेही पैलवानाचं पथ्य समजत होतो. त्यांनी तो हात उचलून तोंडाकडे नेला. अर्ध्यातच थांबला.

"माजाबी असाच निखळला हुता," ते म्हणाले. "लई चोळला. सुटला न्हाई, तवा वाटलं चोळायला कमी पडलं. म्हणून तुजा जादा चोळून घेतला."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. आई आतून म्हणाली, "वस्ताद, जेवूनच जावा."

"न्हाई, घरी जेवतो," म्हणत ते निघाले.

चार दिवसांनी पहिला घास माझ्या हातानं, मान न वाकवता, माझ्या तोंडात गेला. आई रडली. मला मात्र वस्तादांचा अर्ध्यात थांबलेला हात दिसत होता.