घटाचं भाडं

भाडेकरू गेला म्हणून भाडं जात नाही, असं आमचे भिंगारचे घरमालक म्हणायचे. नुसतं म्हणायचे नाहीत, तसं वागायचेही. लष्कराच्या कुठल्याशा भांडारात कारकुनी करून निवृत्त झालेले, डोक्यावर काळी टोपी, तोंडात सतत देवाचं नाव. त्यांचा महिनासुद्धा पंचांगाचा. अमावास्या आली की ते दारात उभे. शेजारच्या खोलीतल्या बायका त्यांना 'अमावास्या' म्हणायच्या. मीही म्हणायची, पण हळू, कारण मधली भिंत पातळ होती.

ते साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. आमचे हे नागापूरला एका नव्या कारखान्यात लेथवर होते. भिंगारहून नागापूर म्हणजे अख्खं नगर ओलांडून पलीकडं, तेही सायकलवर. नागापुरातच खोली बघा, म्हणून मी रोज पाठीमागं लागायची. हे बघत होते, पण पोटामागं शहराकडं आलेली माणसं मिळेल त्या खोलीत शिरत होती. आमच्याकडंही गावाकडून एक माणूस आलंच. माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं सुना असंच म्हणतात.

आत्याबाईंचं गाव पाथर्डीच्या पलीकडं. तीन एकर वावर होतं आणि विहिरीला खडखडाट. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. हाताला फोड आल्याचं कळलं तेव्हा हे जाऊन त्यांना घेऊन आले. येताना त्यांनी आणलं काय, तर दोन लुगडी, एक तांब्या आणि फडक्यात बांधलेली माती.

"आत्याबाई, नगरला माती मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळती की. पर ती आपली न्हाई."

त्या मातीचं कारण मला माहीत होतं. वावर विकायचं घाटत होतं. गावातला एक दुकानदार मागत होता. दुष्काळाचा भाव म्हणजे पडताच, पण तेवढ्यात नागापूरला पत्र्याची का होईना स्वतःची खोली झाली असती. सातबारा ह्यांच्या नावावर होता, तेव्हा आत्याबाईंना विचारायचं ते नुसतं रीत म्हणून. आणि मलाही वावर विकायलाच हवं होतं. ज्यानं अमावास्येला कडी लावून, श्वास धरून, घरात कुणी नसल्याचं सोंग केलंय, त्यालाच स्वतःच्या खोलीची किंमत कळेल.

आत्याबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दसऱ्यापत्तुर थांबा. औंदा घटाला वावराची माती घालते. धान कसं येतंय बघू. मग काय करायचं ते करा."

हे म्हणाले, "बरं. दसरा झाला की दुकानदाराला शब्द देतो." आईचं मन राखायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. घटाचं धान दाट उगवलं तर पीकही चांगलं येतं असं म्हणतात, पण धान कसंही आलं तरी वावर जाणार हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्यांनाही.

नेमकी पितृपक्षात नागापूरला खोली मिळाली. पितृपक्षात कुणी घर बदलत नाही. म्हणून अमावास्येला जुन्या मालकांचं भाडं चुकतं करून दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला निघायचं ठरलं. तसं त्यांना सांगितलंही. पण नव्या मालकानं किल्ली दिली ती प्रतिपदेच्या संध्याकाळी, आणि घट तर सकाळीच बसायला हवा. आत्याबाईंनी तो भिंगारच्या खोलीतच बसवला. पत्रावळीवर वावराची माती, तीत धान्य पेरलेलं, मधोमध पाण्यानं भरलेला घट, वर पानं आणि नारळ, शेजारी अखंड दिवा. आता बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. इकडं नवी खोली रिकामी ठेवली तर दुसरा कुणी शिरणार. शेवटी आम्ही दोघं सामान हातगाडीवर टाकून नागापूरला गेलो आणि आत्याबाई घटापाशी थांबल्या. मालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या की, देवाचं काम आहे.

मालकांचं मत वेगळं होतं. दोनच दिवसांत ते छत्री घेऊन नागापूरला आमच्या नव्या दारात हजर. पावसाचा पत्ता नव्हता, पण छत्री होती. हे कामावर गेलेले.

"महिन्याचं भाडं," ते म्हणाले.

"आम्ही खोली सोडली, मालक."

"तुम्ही सोडली. देव कुठं राहतोय?"

"देवाकडून भाडं घेणार का?"

"देवाकडून कशाला? देव ज्यांचा त्यांच्याकडून."

मी म्हटलं, दसऱ्यापर्यंतचे जे काय होतील ते घ्या. तर म्हणाले, तुकड्यातुकड्यानं भाडं मी घेत नाही, महिना लागला की लागला. पंधरा रुपये होते. नव्या मालकाला अनामत देऊन आमच्या डब्यात चिल्लर उरली होती. नाहीत म्हणून सांगितलं तसे ते छत्री उचलून निघाले, आणि जाताना म्हणाले की वसूल कसं करायचं ते मला कळतं.

कसं करायचं ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. आत्याबाई टँकरवर पाणी आणायला गेल्या होत्या. कळशी घेऊन परत येतात तर खोलीला मालकांचं कुलूप. भाडं द्या आणि आत जा. आत घट, आत दिवा.

आत्याबाई चालत नागापूरला आल्या. मला वाटलं आता कोसळतील. आधी पाणी प्यायल्या आणि मग सगळं सांगितलं. ऐकून हे तसेच उठले, कुलूप फोडतो म्हणाले. त्यांचा हात धरून आत्याबाईंनी त्यांना खाली बसवलं.

"फोडू नगंस. कुलूप त्यांचं, तवा दिवाबी त्यांचाच. इझला तर दोस त्यांच्या घराला. म्या तसं त्यांच्या तोंडावर सांगून आलेय."

"आणि तुमचं धान?" मी विचारलं. मला खरंच कळेना. ज्या घटावर त्यांनी वावर टांगलं होतं तो परक्याच्या हाती सोडून ही बाई भाकरी मागत होती.

"देवभोळा हाय त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "भाजी काय केलीस?"

पण मला राहवेना. सातव्या माळेच्या दिवशी तेलाची बाटली घेऊन मी भिंगारला गेले. मनात चार शब्द तयार ठेवले होते. खोलीचं दार उघडंच होतं. आत मालक घटापुढं उकिडवे बसले होते, एक हात दिव्याला आडवा धरलेला, दुसऱ्या हातात काडी, आणि वात पुढं सारणं चाललेलं. मी दारातून काही बोलायला लागले तर म्हणाले, "हळू. वारा येतो."

माझे चारही शब्द गेले. घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या माळा एकीखाली एक लटकत होत्या. त्या वर्षी झेंडू नव्हताच कुठं. माळावर हिंडून तरवड मालकांनी स्वतः आणला, असं मालकीणबाईंनी पदराआड हसत मला सांगितलं. कुलूप घातलं त्या संध्याकाळी कुणी पैसे घेऊन येईना, तसा मालकांचा जीव वरखाली व्हायला लागला म्हणे. शेवटी त्यांनीच कुलूप काढलं, आणि तेव्हापासून रात्रीतून दोनदोनदा उठून ते तेल घालत होते. याला आमच्याकडं विकतचं श्राद्ध म्हणतात. आपल्या वाटणीच्या पाण्यातला तांब्या घटाला, घरचं गोडतेल दिव्याला, आणि भाडं अजून यायचंच.

"तुमच्या सासूबाईंना म्हणावं, येऊन राहा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मी कुलूप काढलंय."

मी घरी येऊन निरोप दिला. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या.

"कुलूप घातलं तवाच खोली त्यांच्या ताब्यात गेली," त्या म्हणाल्या. "आता म्या जाऊन ऱ्हायले तर पुन्ना भाडं लागंल."

दसऱ्याला आम्ही तिघंही भिंगारला गेलो. घट उठवायचा तो आत्याबाईंनीच, त्यावर मालकांचीही हरकत नव्हती. आणि धान? मी खेड्यातली, खूप घट पाहिलेत, पण तसं धान पाहिलं नव्हतं. वीतभर उंच, पिवळंधमक, हात खुपसायला जागा नाही एवढं दाट. बाहेर सगळा जिल्हा करपलेला आणि त्या कोपऱ्यात हे. मला एकाएकी रडूच आलं, का ते विचारू नका. आत्याबाईंनी धानावरून नुसता हात फिरवला आणि लेकाकडं बघितलं.

ह्यांनी मान खाली घातली, पण बोलायचं ते बोललेच. "आई, हे मालकांनी रोज तांब्याभर पाणी घातलं म्हणून आलं. वावरात पाणी कोण घालणार?"

  संपलं, मी मनात म्हटलं. मला हवं होतं तेच होत होतं, तरी बरं वाटत नव्हतं.

आत्याबाईंनी धानाची एक जुडी उपटली, देवीला वाहिली, आणि दुसरी घेऊन मालकांपुढं गेल्या. घरच्या पुरुषाच्या टोपीत धान खोवायची आमची रीत. त्यांनी ते मालकांच्या काळ्या टोपीत खोवलं.

"दिवा तुमी राखला. पयला मान तुमचा," त्या म्हणाल्या. "आता ऱ्हायलं भाडं."

मालक चपापले. आत्याबाईंनीच विषय काढावा हे त्यांना अपेक्षित नसावं.

"भाडं बुडणार न्हाई. पर पैसा न्हाई आमच्याकडं. ह्या वावराची बाजरी देईन, चार पायल्या. देवीम्होरं सांगते."

"पाऊस कुठाय, आजीबाई?"

"येईल तवा येईल. तुमी थांबा. भाडं जात न्हाई, तुमीच म्हन्ता न्हवं?"

मालकांनी विचार केला. पंधरा रुपये आमच्याकडून निघत नाहीत हे त्यांना कळून चुकलं होतं. शिवाय ते धान त्यांच्या हातचं होतं. पुन्हा पुन्हा ते त्याच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "बरं. चार पायल्या. गच्च भरून." मग ह्यांच्याकडं वळले, टोपीत तुरा तसाच. "ऐका, आता वावर विकायचं नाही. माझी बाजरी आहे त्यात. विकलंत तर मी मागू कुणाकडं, त्या दुकानदाराकडं?"

वावर विकायचं घाटतंय हे मालकांना कुणी सांगितलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मालकीणबाईंकडं बघितलं तर त्या नारळ शोधायला लागल्या.

 आईनं देवीपुढं दिलेला शब्द मोडायची ह्यांची छाती नव्हती, आणि जिला शब्द दिला ती देवी एक वेळ गप्प बसली असती, पण मालक बसणार नव्हते. अमावास्येच्या अमावास्येला छत्री घेऊन नागापूरला आले असते. ह्यांनी मला नंतर सांगितलं, हसू दाबायला त्यांना फार त्रास झाला.

दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. नागापूरच्या भाड्याच्या खोलीत आमची आणखी काही वर्षं गेली आणि पत्रे आमचे व्हायला फार वेळ लागला. पण पुढच्या साली पाऊस झाला. आत्याबाई मृगाआधीच गावाला गेल्या होत्या. बाजरी आली, ती काही फार नव्हती, पण दाणा टपोरा होता. नवरात्राच्या आधी त्या पोतं घेऊन एस.टी.नं नगरला उतरल्या आणि मी त्यांच्याबरोबर भिंगारला गेले.

मालकांनी कुणाची तरी पायली मागून ठेवली होती. स्वतः मोजून घेतली. प्रत्येक माप वर शीग लावून. चौथं झाल्यावर पोत्याच्या तळाशी उरलेली मूठभर बाजरीसुद्धा आत्याबाईंनी त्यांच्या सुपात झाडली.

"फिटलं?" त्यांनी विचारलं.

"फिटलं," मालक म्हणाले. मग जरा घुटमळून, "थोडी माती आणलीत का? आमच्या घरी घट नसतो, पण हिला यंदा बसवायचाय."

'हिला' म्हणजे मालकीणबाईंना. मालकीणबाई आतून म्हणाल्या, मला नाही, त्यांनाच बसवायचाय. आत्याबाईंनी कनवटीची पुरचुंडी काढून दिली. आणलेली होती.

परत येताना आम्ही माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत चालत आलो. त्यांचं पोतं रिकामं, घडी घालून खाकेत. वर्षभर मनात राहिलेला प्रश्न मी तेव्हा विचारला.

"आत्याबाई, समजा दिवा विझला असता, धान आलंच नसतं, तर काय केलं असतंत?"

"काय करनार? चार पायल्या कबूल केल्याच अस्त्या की," त्या म्हणाल्या. "भाडं काय धान बघून जातं व्हय?"

मी रस्त्यातच थांबले. त्या पुढं चालतच राहिल्या, मग मागं वळून मला म्हणाल्या, "चल ग, एस.टी. जाईल. उंद्या ज्वारी पेरायचीय मला."