कन्हेरीच्या जत्रेत मी जिंकलो, त्याची गोष्ट

आमच्या घराण्यात एक कुस्तीची कंपनी होऊन गेली. दोन वर्षं ती बारामती आणि इंदापूर तालुक्यांत अशी गाजली, की जत्रा कमिटीचे लोक आधी कंपनीची तारीख घ्यायचे आणि मग देवाला विचारायचे. आज ती नाही. का नाही, याची कारणं लोक निरनिराळी सांगतात. कुणी मोबाईलला दोष देतं, कुणी पावसाला. माझ्या सासुरवाडीला मात्र एकच कारण माहीत आहे आणि तिथे त्याला जावईबापू म्हणतात.

कंपनी माझ्या मेहुण्याची, म्हणजे माझी बायको सुनंदा हिच्या धाकट्या भावाची. दिगू त्याचं नाव, गाव कन्हेरी. पोरगा तालमीत तयार झालेला, पण गुडघा दुखावला आणि खरी कुस्ती बंद झाली. मग त्याने टीव्हीवर दाखवतात तसल्या खोट्या कुस्तीची कंपनी काढली. दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या आणि गाद्या टाकल्या, चारी बाजूंना दोर ओढले आणि दोर काचू नयेत म्हणून त्यावर ठिबक सिंचनाची जुनी नळी चढवली. झाला आखाडा! कोण जिंकणार, कोण पडणार हे आधीच ठरलेलं. ठोसा हवेत मारायचा, फळीवर पाय आपटायचा आणि समोरच्याने मेल्यासारखं कोलमडायचं, एवढाच तो व्यवहार होता.

पैलवानांना नावं होती आणि तोंडावर मुखवटे होते. बारामतीच्या एका टेलरने ब्लाऊजच्या उरलेल्या मखमलीतून ते शिवले होते. (काळ्या बिबट्याच्या मुखवट्याला आतून मोतिया रंगाची पट्टी होती, पण ती फक्त त्यालाच माहीत.) उजनीची मगर म्हणजे पळसदेवचा बापू, जो एरवी धरणात मासे धरायचा. पडण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा दोन तालुक्यांत कुणी नव्हता. काळा बिबट्या म्हणजे लासुर्ण्याचा नाना. आणि सगळ्यांना शेवटी लोळवणारं ‘वादळ’ म्हणजे खुद्द दिगू. लोक शिट्ट्या मारून मारून घसा बसवून घरी जायचे.

मी कोण? मी वालचंदनगरच्या कारखान्यात नोकरीला. जन्म क्वार्टरमधला, शाळा क्वार्टरमधली, वडीलही त्याच कारखान्यातून रिटायर झालेले. कॉलनीच्या स्नेहसंमेलनात मी एकांकिका लिहितो आणि त्यांतल्या एकीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं आहे. एवढ्या भांडवलावर मी दिगूच्या कंपनीचा लेखक झालो. कोणी कुणाला कधी पाडायचं, हे मी ठरवायचो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकून पडत होतं, त्यामुळे मला ते काम फार आवडायचं.

आता दिगूचं लग्न जमेना. मुलीकडचे विचारत, “पोरगा काय करतो?” आणि आमचे सासरे, म्हणजे तात्या, खाली मान घालून सांगत, “पाडतो आन पडतो.” शेवटी इंदापूरच्या वैशालीचं स्थळ आलं. मुलगी पतसंस्थेत नोकरीला, दिगूला मनापासून आवडलेली आणि तिलाही तो पसंत. तिचे वडील तहसील कचेरीतून रिटायर झालेले अव्वल कारकून. त्यांनी सांगितलं, की धंदा वर्षभर टिकलेला दिसला तर बोलू. दिगूचं सगळं त्या कंपनीवर अडून राहिलं. म्हणजेच माझ्यावर.

अशा वेळी शहाणा माणूस चालतंय ते चालू देतो. मी विचार करायला बसलो.

माझ्या मते मुखवटा हा दोष होता. मी दिगूला म्हणालो, “अरे, प्रेक्षकाला माणूस दिसला पाहिजे. मखमलीशी कोण नातं जोडणार? मुखवटे काढ. पैलवानाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं माईकवर पुकार. मग बघ लोक कसे गुंततात.”

लोक गुंतले!

इंदापूरच्या कार्यक्रमात निवेदकाने बापूचं नाव पुकारलं, वडिलांचं पुकारलं, मुक्काम पोस्ट पळसदेव असं ठणकावून सांगितलं. नंतर माझ्या लेखनाबरहुकूम लासुर्ण्याच्या नानाने त्याला उचलून आपटला. बापू अप्रतिम पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पळसदेवची जीप दिगूच्या दारात उभी. आतून चार पोक्त माणसं उतरली. त्यांनी चहा नाकारला, यावरून प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं.

त्यांतले म्होरके म्हणाले, “हरला त्याचं काय न्हाय. हारजीत असतीच. पर लासुर्ण्याकडनं?”

मी समजावलं, की ही खरी कुस्ती नव्हे, निकाल आधीच ठरलेला असतो.

“ठरल्यालाच हुता, तर आमाला इचारलं का न्हाय?”

जिथे दूध डेअरीचा चेअरमनसुद्धा सर्वांना विचारून बिनविरोध होतो, तिथे गावचा माणूस पाडताना गावाला विश्वासात घ्यायला नको? पुढच्या कार्यक्रमात बापू जिंकेल, असा शब्द देऊन आम्ही जीप परत पाठवली. मग लासुर्ण्याची जीप आली.

तिथून पुढे प्रत्येक पैलवानाच्या अटी सुरू झाल्या. बापू मला बाजूला घेऊन म्हणाला, “दाजी, मला पाडा, माझं काय म्हणणं न्हाय. फकस्त आमच्या गावाफुडं नगं, सासरवाडीफुडं नगं आन मामाच्या गावाफुडं नगं.” नानाला याखेरीज बहिणीचं गाव नको होतं. तिसऱ्या एकाला साखर कारखान्याच्या निवडणुकीत पडलेल्या गटाची गावं वर्ज्य होती, कारण तिथे पडलं की त्यात राजकारण दिसतं. मी नकाशा पसरून बसलो. दोन्ही तालुके पालथे घातले, पण ज्या गावात कुणाचंच कुणी लागत नाही असं एक गाव सापडेना. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या वस्त्या तेवढ्या उरल्या आणि तिथे ट्रॉली जात नव्हती.

मग कुस्त्या बरोबरीत सुटू लागल्या. आमच्याकडे चांगली रीत आहे. खऱ्या मैदानातही दोन तोडीचे मल्ल बराच वेळ अडकले, की चार जाणती माणसं आत उतरतात, दोघांचे हात वर करतात आणि दोन गावांची गोडी राखून कुस्ती सोडवतात. आमच्या कंपनीत ही जाणती माणसं पहिल्या मिनिटालाच दोर ओलांडायला लागली. पैलवान दंड थोपटून एकमेकांकडे बघतात न बघतात, तोच आखाड्यात फेटेवाल्यांची गर्दी! दोघांनाही फेटे, दोघांनाही नारळ. तिकडे प्रेक्षक गाद्या बघून घरी जायचे. एका गावात तर एका म्हातारबुवांनी मला विचारलं, की हा सत्काराचा कार्यक्रम आहे तर मध्ये मध्ये ही पोरं कपडे काढून का येतात?

तारखा रद्द होऊ लागल्या. राहता राहिली कन्हेरीच्या जत्रेची. तिथे वैशालीचे वडील स्वतः येणार होते. त्याआधी एक दिवस दिगू आमच्या क्वार्टरवर आला आणि ओट्यावर बसला. एवढा आडमाप पोरगा, पण डोळे भरलेले. म्हणाला, “दाजी, कन्हेरीत कुणीतरी एक पडणारा पायजे. न्हायतर वैशू गेली.”

मला खरंच वाईट वाटलं. मग दिगू माझ्याकडे टक लावून बघायला लागला.

“दाजी, तुमाला गाव न्हाय.”

“म्हणजे?”

“म्हंजी तुमचं गाव म्हंजी क्वार्टर. तुमाला भावकी न्हाय, पार्टी न्हाय, गट न्हाय. तुमी कुटंबी पडू शकता. जीप येनार न्हाय.”

खोटं कशाला सांगू, ते मला लागलं. दाखल्यावर ‘मूळ गाव’ या शब्दापुढे मी आजवर अडखळत आलोय. पण त्या दिवशी माझ्या निराधारपणाला पहिल्यांदाच बाजारात मागणी आली होती. मी हो म्हणालो. लगेच खलनायक लिहून काढला. नाव ‘साहेब’. पँट, टाय, काळा चष्मा, हातात ब्रीफकेस. येतो, गावाला तुच्छ लेखतो, वादळाच्या हातून मार खातो आणि चितपट होतो. साहेब पडलेला बघायला कुणाला आवडणार नाही?

सुनंदाला सांगितलं, की आठवडाभर सराव करावा लागेल. ती म्हणाली, “हरायचंच आहे ना? मग तुम्हाला सराव कशाला?”

जत्रेच्या संध्याकाळी मैदान फुलून गेलं होतं. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर तात्या, शेजारी वैशालीचे वडील, त्यांच्या पलीकडे वैशाली. मी ब्रीफकेस घेऊन आखाड्यात शिरलो. (दोर ओलांडताना टाय ठिबकच्या नळीत अडकला, तो रेफरीने सोडवला.) मी माईकवर गावाला दोन अपमानकारक वाक्यं ऐकवली. लोक खवळले. मग हलगीच्या तालावर दिगू आला. काय ती शिट्टी, काय ती आरोळी! वैशालीचे वडील खुर्चीत पुढे सरकून बसले. सगळं जमून आलं होतं. दिगूने हात उगारला, हवेत सणसणीत चपराक मारली, पाय आपटला आणि मी ठरल्याप्रमाणे भेलकांडत दोरावर गेलो. काळा चष्मा उडाला.

बायकांच्या बाजूने एक आवाज आला, “अगं बया, ह्ये तर आपल्या सुनीचं मालक.”

गाव नसलेल्या माणसाला सासुरवाडी असते, हे मी नकाशावर बघायचं विसरलो होतो! आणि दिगू तर त्याच घरात राहत होता.

तात्या उठले. धोतराचा सोगा हातात धरून आखाड्यात चढले. त्यांच्यामागे गावातली जाणती माणसं चढली. ट्रॉली करकरली.

“दिग्या,” तात्या म्हणाले, “जावयावर हात उचलतूस?”

“तात्या, ह्ये खोटं हाय,” दिगू कळवळून म्हणाला.

मीही मदतीला धावलो. माईक हातातच होता. सबंध जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, की हे सगळं ठरलेलं आहे, दिगूने मला पाडायचं हे मीच लिहिलंय.

तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पाव्हणं, तुमच्या क्वार्टरात ठरत आसंल. हितं जावयाला पाडायचं कुनी ठरवत नसतं. तुमी आमचं हाय.”

मी सुखावलो, हे आधी कबूल करतो. जन्मभर क्वार्टर नंबर सांगत आलेल्या माणसाला एका सबंध गावाने स्टेजवर चढून आपलं म्हटलं होतं. फक्त वेळ थोडी चुकली होती.

एका जाणत्याने तोड काढली, की सवयीप्रमाणे कुस्ती बरोबरीत सोडवू. दिगूच्या जिवात जीव आला. पण तात्यांनी मान हलवली. “बरोबरी कशी? सासरवाडीत साला आन दाजी बरोबरीचं कवापास्नं झालं?”

हा मुद्दा सगळ्यांना बिनतोड वाटला. मलाही वाटला असता, मी दाजी नसतो तर.

दिगूने एकदा वैशालीकडे बघितलं, एकदा बापाकडे बघितलं आणि गादीवर उताणा झोपला. अजिंक्य वादळ, आपण होऊन! आता मी त्याच्यावर पडायचं होतं. पण पोट असं आडवं येत होतं, की मला खाली वाकता येईना. शेवटी त्यानेच खालून माझा टाय धरून मला अंगावर ओढून घेतलं आणि कानात म्हणाला, “दाजी, लवकर जिंका.” रेफरीने मोजलं. हलगी कडाडली. मला फेटा बांधला, दोन प्रयत्नांत खांद्यावर घेतलं आणि देवळाभोवती मिरवलं.

कुणीतरी मोबाईलवर काढलेला त्याचा व्हिडिओ सकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत पोचला. कंपनीचा सर्वांत तगडा पैलवान एका टायवाल्या माणसाखाली चीत, हे बघितल्यावर कोण तारीख देणार? उरलेल्या जत्रांनी ऑर्केस्ट्रा ठरवला. बापू धरणावर परत गेला, नाना गुऱ्हाळात. दोन ट्रॉल्या सुटून आपापल्या मालकांकडे गेल्या. कंपनी संपली.

आणि वैशालीचे वडील? त्यांनी त्याच रात्री तात्यांच्या घरी जेवून होकार दिला. म्हणाले, “धंदा काय खरा न्हाय, पर ज्या घरात जावयासाटी पोरगं भर मैदानात उतानं पडतं, तितं मुलगी द्यायला आमची हरकत न्हाय.” वैशाली म्हणाली, की जो माणूस दाजीपुढे एवढ्या लवकर पडतो, त्याच्याशी तिचं सहज जमेल. आता दिगू रोपवाटिका चालवतो, बरं चाललंय, आणि घरात रोजच्या रोज पडतो असं ऐकतो.

मला मात्र कन्हेरीत अजून पैलवान म्हणतात. आणि त्यात चुकीचं काही नाही. त्या कंपनीच्या इतिहासात एकही कुस्ती न हरलेला मल्ल मी एकटाच आहे. मला कुणी आव्हान द्यायला माझी ना नाही, पण त्यासाठी लोकांनी आधी कंपनी शिल्लक ठेवायला हवी होती.