ड्रॉवरमधली दुरुस्त यादी

परीक्षा विभाग माझ्या हाताखाली आला तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश होते. व्यवस्थापनाची तीन प्रशिक्षणं झालेली, एक्सेलवर हात बसलेला, आणि टिपणी अशी लिहायचे की वरून शेरा मारून कधी परत यायची नाही. विद्यापीठात माझ्यासारखी अधिकारी दुसरी नाही, असं मला खरंच वाटायचं.

त्या शुक्रवारी पाच वाजता निकाल जाहीर व्हायचा होता. चारला मी सहज शेवटची नजर फिरवली आणि हबकलेच. शेवटच्या वर्षाचा एक अख्खा वर्ग प्रात्यक्षिकाला गैरहजर दाखवलेला. म्हणजे सगळा वर्ग नापास!

मी ओरडतच बाहेर आले. विठ्ठलवाडीहून येणाऱ्या आमच्या ज्येष्ठ लिपिक ताई शांतपणे उठल्या, ड्रॉवर उघडला आणि एक यादी माझ्यापुढे ठेवली. त्याच वर्गाची. गुण बरोबर भरलेले, विभागप्रमुखांची सही घेतलेली. तारीख सोमवारची.

"तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं?"

"हो मॅडम. तेव्हाच दिसलेलं मला. सही पण आणून ठेवली. निकाल लागल्यावर पोरं बोंबलली असतीच, मग दिली असती."

"अहो, पण मला का नाही सांगितलंत?"

हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गेल्या वर्षी आपला तो डोंबिवलीचा क्लार्क चूक दाखवायला तुमच्या केबिनमध्ये आलेला. कारणे दाखवा नोटीस त्यालाच मिळाली ना? मला दोन वर्षं राहिलीयत रिटायरमेंटला, मॅडम."

ती नोटीस मीच लिहिली होती, दहा मिनिटांत, एकही खाडाखोड न करता. भाषा फक्कड जमलीय म्हणून दोघातिघांना वाचूनही दाखवली होती. त्यानंतर माझ्याकडे चूक घेऊन कुणी येईनासं झालं, आणि मी समजले, चुकाच थांबल्या. किती मूर्ख बाई मी!

निकाल थांबवला. आम्ही दोघींनी बसून एकेकाचे गुण चढवले. साडेसहाला काम संपलं, वर्ग वाचला. ताई निघायची तयारी करू लागल्या, तेव्हा मी अगदी काकुळतीला येऊन म्हटलं, "ताई, पुन्हा असं काही दिसलं तर मला लगेच सांगाल ना?"

त्यांनी पर्सची चेन लावली.

"बघते मॅडम," म्हणाल्या, आणि खोपटच्या डेपोत एसटी गाठायला निघून गेल्या.